दुपारचं सुप्रभात

काकांच्या औषधाच्या दुकानात, काउंटरमागच्या भिंतीवर, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी मी टांगलेली होते. म्हणजे फार्मासिस्ट म्हणून माझी नोंदणी झाल्याचं प्रमाणपत्र होतं, काचेच्या फ्रेममध्ये, आणि त्याच्या कोपऱ्यात माझा छोटा फोटो. दसऱ्याला काका दुकानातल्या सगळ्या वस्तूंची पूजा करायचे. फ्रिजला हळदकुंकू, बिलाच्या मशीनला फूल, लायसन्सला हार आणि माझ्या फ्रेमलाही हार. झेंडूचा. पहिल्याच वर्षी काकू म्हणाली, "अहो, जित्याजागत्या पोरीच्या फोटोला हार कसला घालताय?"

"फोटोला नाही, सर्टिफिकिटाला घातलाय," काका म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. मग पेढे वाटायचं काम माझ्याकडे आलं, आणि हार दिवाळीपर्यंत तसाच राहिला.

औषधाचं दुकान चालवायला एक नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो. दुकानाच्या लायसन्सवर त्याचं नाव असतं, आणि दुकान उघडं असेल तोवर त्याने तिथे हजर राहायचं, असा नियम आहे. एक माणूस एकाच ठिकाणी. काका स्वतः फार्मासिस्ट नाहीत. आधी त्यांच्या लायसन्सवर एका निवृत्त गृहस्थांचं नाव होतं. ते संध्याकाळी येऊन चहा प्यायचे, पेपर वाचायचे आणि जायचे. मी बारावी झाले त्या सुमारास ते मुलाकडे नाशिकला राहायला गेले. मला फार्मसी कर असं कोणीही सांगितलं नाही. मीच निवडली असं घरात सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. फक्त त्या वर्षी घरात दुसऱ्या कशाबद्दल बोलणंच निघत नव्हतं. शिक्षणाची मधली वर्षं काकांनी कोणाकोणाच्या नावावर ढकलली, आणि माझी नोंदणी आली त्याच आठवड्यात फ्रेम करून आणली.

आम्ही मुलुंडला एकाच इमारतीत राहतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, काका-काकू पहिल्या, आणि दुकान खाली. काका बाबांपेक्षा बरेच मोठे. आजोबा गेले तेव्हा बाबा शाळेत होते. काकांनी कॉलेज सोडलं, एका केमिस्टकडे नोकरी धरली आणि बाबांना शिकवलं. आमच्या घरात ही गोष्ट कधी कोणी बोलून दाखवत नाही. बोलून दाखवली असती तर निदान तिला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

मी दुकानात शनिवारी संध्याकाळी बसायचे. काका गिऱ्हाइकांना सांगायचे, "या आमच्या मॅडम. सगळं इंग्लिश मीडियममध्ये झालंय." त्यात कौतुक होतं. गिऱ्हाइकं मॅडमकडे बघून हसायची आणि औषध काकांकडे मागायची. मला बोलायला वेळ लागतो. कोणी "एकोणसत्तरचं आहे ना हे?" असं विचारलं की मी आधी मनात आकडा इंग्रजीत उभा करते, मग हो म्हणते. तोवर काकांनी सुटे पैसे परतही दिलेले असायचे. दुकान उत्तम चालत होतं. त्याला माझं नाव पुरत होतं.

घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात फार्मसीसाठी दोन ट्रेनी हवेत, हे कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. मी घरी न सांगता गेले. मला काम हवं होतं हे कारण होतंच, पण त्याहून जास्त मला अशी जागा हवी होती जिथे मी नसले तर कोणाच्या तरी लक्षात येईल.

फार्मसी तळघरात होती. खिडकी एकच, वॉर्डातून येणाऱ्यांसाठी, तिला जाळी आणि खाली हात जाईल एवढी फट. आत दिवसभर ट्यूबलाइट. तिथल्या मुख्य मॅडम पन्नाशीच्या, कोकणातल्या, चष्मा कायम डोक्यावर. मुलाखतीत ऑफिसच्या माणसाने इंग्रजीत चार प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं मी नीट दिली. मग मॅडमनी माझ्यापुढे एक ट्रे सरकवला. त्यात वॉर्डासाठी काढलेली औषधं होती आणि शेजारी डॉक्टरांची चिठ्ठी. "ह्यात काय चुकलंय बघ गो."

मला लगेच दिसलं. दोन इंजेक्शनं सारख्याच बाटलीतली, सारख्याच निळ्या टोपणाची, पण एक दुप्पट ताकदीचं. मी ती बाटली उचलून लेबल त्यांच्याकडे फिरवलं.

"काय?" त्या म्हणाल्या.

मी लेबलावर बोट ठेवलं.

"माका दिसता. तोंडाने सांग. इथे मनातल्या मनात काही चालत नाही."

मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि कॉम्प्युटरवर माझा नोंदणी क्रमांक टाकला. स्क्रीनकडे बघत त्यांनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला. "तुझं नाव मुलुंडच्या दुकानावर लागलेलं आहे."

"काकांचं दुकान आहे."

"बसतेस?"

"शनिवारी."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "हे बघ, आमच्या लायसन्सवर तुझं नाव चढवायचं तर तिथून ते उतरायला हवं. तोवर तू ट्रायलवर. महिनाअखेरीपर्यंत उतरव. नाहीतर दुसरी मुलगी घेईन, बाहेर रांग आहे."

मी हो म्हटलं. मी सगळ्याला आधी हो म्हणते.

हॉस्पिटलात दोनच गोष्टी सक्त होत्या. पहिली, मोठ्याने वाचायचं. धोक्याची औषधं, म्हणजे इन्सुलिन, पोटॅशियम, भुलीची इंजेक्शनं, वॉर्डात जाण्याआधी दोघींनी तपासायची. एकीने नाव, ताकद, मुदत मोठ्याने वाचायची; दुसरीने बाटलीवर बघून पुन्हा म्हणायचं आणि शेवटी "बरोबर" म्हणायचं. "बरोबर" ऐकू आल्याशिवाय ट्रे खिडकीतून बाहेर जायचा नाही. माझ्याबरोबर गोवंडीची एक मुलगी ट्रायलवर होती, ती रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखी वाचायची. माझी पाळी आली की म्हणायची, "अगं यार, तू वाचतेयस की नमाज पढतेयस? माझी अम्मीसुद्धा ह्यापेक्षा जोरात पढते."

दुसरी गोष्ट एप्रनची. पांढरा एप्रन हॉस्पिटलचा, खिशावर निळ्या दोऱ्याने हॉस्पिटलचं नाव भरलेलं. दाराशी हुक होते आणि वर मराठी-इंग्रजीत पाटी: एप्रन घालून बाहेर जाऊ नये. चहाला जातानाही काढायचा. मॅडम पाठमोऱ्या असल्या तरी त्यांना कळायचं.

हळूहळू माझा आवाज मोठा झाला. तो फक्त औषधांची नावं घेताना मोठा व्हायचा, पण व्हायचा.

घरी मात्र तो चालत नव्हता. मी आईला सांगितलं. आईने काकूला सांगितलं. काकूने काकांना सांगितलं असावं, कारण उत्तर त्याच जिन्याने परत वर आलं: दिवाळीनंतर बघू. दिवाळीला अवकाश होता आणि महिनाअखेर त्याच्या कितीतरी आधी होती. मग एका रविवारी, सगळे आमच्याकडे जेवायला बसलेले असताना, मी स्वतः म्हटलं, "काका, ते नाव काढायचं..."

"अगं शिक ना तू," काका म्हणाले. ते अगदी प्रेमाने म्हणाले. "तुला कोणी अडवलंय? तू तिथे जा, नाव इथे राहू दे. नाव काय जागा अडवतं?"

"त्यांना चालणार नाही."

"मोठ्या हॉस्पिटलवाल्यांना सगळं चालतं, दाखवत नाहीत एवढंच. आणि मी आता दुसरा माणूस कुठून आणू? आजकालची पोरं महिनाभर टिकत नाहीत. तू घरची आहेस."

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी आमटी वाढून घेतली. त्यांच्या पानातला भात केव्हाच संपला होता.

"घरची आहे म्हणून तर," काकू पापड मोडत म्हणाली. ते नेमकं कोणत्या बाजूचं वाक्य होतं हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

आमच्या गल्लीतल्या औषधवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात काकांनी मलाही घातलं होतं. रोज सकाळी त्यावर फुलं, सूर्य, सुविचार येतात. पण तेच "सुप्रभात" बारानंतर आलं तर त्याचा अर्थ वेगळा: ड्रग इन्स्पेक्टर गल्लीत आलाय. ज्याच्या दुकानात तो आधी शिरेल त्याचा शेजारी गुलाबाचं फूल पाठवतो. मग ज्यांचा फार्मासिस्ट जागेवर नसेल ते त्याला बोलावतात, किंवा शटर ओढून जेवायला जातात. ह्यावर कोणी कधी बोलत नाही. फूल आलं की बाकीचे त्याखाली अंगठ्याचं चिन्ह टाकतात.

महिना संपत आला होता. दुपारी आम्ही दोघी आयसीयूचा ट्रे तपासत होतो. माझा फोन टेबलावर थरथरला. पडद्यावर दव पडलेला गुलाब होता आणि खाली सुप्रभात. पाठोपाठ काकांचा फोन आला. मी उचलला नाही. पुन्हा आला. मॅडमनी वळून बघितलं.

"सुप्रभात आलं?"

मी फोन पालथा घातला.

"आमच्या वेळी मिस्ड कॉल असायचा," त्या म्हणाल्या. "उचल, उचल. म्हातारा घाबरला असेल."

काका हळू आवाजात बोलत होते. मागच्या खेपेला त्यांनी शटर ओढलं होतं आणि इन्स्पेक्टर पुन्हा येईन असं शेजाऱ्याला सांगून गेला होता. आता शटर ओढून भागणार नव्हतं. "अजून चार दुकानं आहेत मधे. रिक्षा कर. तू नुसती उभी राहा, बाकी मी बोलतो. येतेस ना बाळा?"

ते मला बाळा म्हणतात. लहानपणापासून.

मी हो म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "जा. पण हा ट्रे पुरा करून. अर्धं वाचलेलं सोडून जायचं नाही." मी उरलेली औषधं वाचली. गोवंडीच्या मुलीने एकेक परत म्हटलं. बरोबर. बरोबर. बरोबर. मग मी पर्स उचलली आणि हुकांसमोरून पळत बाहेर गेले.

हायवेला दुपारची गर्दी नव्हती. रिक्षा विक्रोळीपर्यंत सुसाट गेली. कांजूरमार्गला नेहमीचा कचऱ्याचा वास आला, रिक्षावाल्याने गळ्यातला रुमाल नाकावर ओढला, आणि मीही खाली मान घालून नाकाशी हात नेला. तेव्हा मला खिसा दिसला. एप्रन माझ्या अंगावर होता.

दुकानात माझ्यासाठी दुसरा एप्रन होता, बिननावाचा, फ्रिजमागे खिळ्याला. हा काढून पर्समध्ये कोंबायला, तिथे गेल्यावर तो घालायला वेळ होता. मी वरची दोन बटणं सोडली. भांडुपच्या सिग्नलला रिक्षा थांबली. मी मनात तयारी करत होते: नुसती उभी राहा, काका बोलतील. मी चांगली उभी राहते. वर्गात, लग्नकार्यात, दुकानात, मी आजवर सगळीकडे चांगली उभी राहिले आहे. सिग्नल सुटला तेव्हा मी दोन्ही बटणं पुन्हा लावली.

दुकानात इन्स्पेक्टर आलेला होता. सडपातळ माणूस, बोलायला नम्र, हातात पाण्याचा ग्लास. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेल्या एक आजी काउंटरशी ताटकळत होत्या. काका म्हणाले, "आल्या बघा आमच्या मॅडम. जेवायला वर गेल्या होत्या."

मी काउंटरच्या मागे जाऊन उभी राहिले, माझ्या फ्रेमच्या खाली. इन्स्पेक्टरने फोटो बघितला, मला बघितलं, आणि मग खिसा बघितला. त्याने खिशावरचं नाव मोठ्याने वाचलं.

"हे घाटकोपरचं ना?"

"जुना एप्रन आहे साहेब," काका म्हणाले. "कॉलेजच्या वेळचा."

"मी त्यांना विचारतोय."

कोणीतरी वाचलं की दुसरीने परत म्हणायचं, ही सवय मला लागली होती. मी माझं नाव सांगितलं, नोंदणी क्रमांक सांगितला, आणि म्हटलं, "मी तिथे ट्रेनी आहे. रोज सकाळी आठ ते चार. इथे शनिवारी संध्याकाळी असते."

तळघरातला आवाज त्या लहान दुकानात फार मोठा वाटला. आजींनी वळून बघितलं. काका समोरच्या गोळ्यांच्या पट्ट्या नीट रचायला लागले. त्या आधीच नीट होत्या.

इन्स्पेक्टर बराच वेळ लिहीत होता. काकांनी चहा विचारला, तो नको म्हणाला. शेवटी आजी म्हणाल्या, "मग माझ्या गोळ्या?"

"द्या की," इन्स्पेक्टर म्हणाला. "आता मॅडम आहेत."

मी चिठ्ठी बघितली, पट्टी काढली, नाव आणि मुदत वाचून दाखवली, आजींच्या हातात दिली. काकांनी पैसे घेतले. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता ते काम करत होतो.

नोटीस आली. दुकान काही दिवस बंद राहिलं. बंद शटरसमोरून रोज सकाळी कामाला जाताना मी चपला वाजणार नाहीत अशी चालायचे. मला वाटलं होतं कोणीतरी ओरडेल. कोणीच ओरडलं नाही. घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं की मी घाबरले.

"घाबरली बिचारी," काकू आईला म्हणाली. "एप्रन काढायचंसुद्धा सुचलं नाही."

"ती तशीच आहे," आई म्हणाली. "लहानपणी गॅदरिंगला स्टेजवर जाऊन रडली होती."

आणि काका जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "चूक माझी. तुला असं धावतपळत बोलवायला नको होतं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी सांगू शकले असते. तोंडही उघडलं होतं. पण त्या हाताखाली उभं राहून काय सांगायचं? मी मान हलवली आणि त्या दिवसापासून मी घरातली वेंधळी झाले. आता माझ्या हातून दूध उतू गेलं, की सगळ्यांना ते आठवतं, आणि मी हसते.

नाव उतरलं. समोरच्या इमारतीतल्या एक सूनबाई लग्नाआधी फार्मसी झालेल्या निघाल्या. त्या आता दिवसभर दुकानात बसतात. काका म्हणतात, "पोरगी बोलकी आहे, गिऱ्हाइकाला बरं वाटतं." बाबांनी मला एकदाच विचारलं, टीव्हीकडे बघत: "तिथे बरं आहे ना?" मी हो म्हटलं. त्यांनी आवाज वाढवला, टीव्हीचा.

मग हॉस्पिटलला मूळ प्रमाणपत्र हवं होतं, कारण तिथेही ते भिंतीवर लावावं लागतं. ती फ्रेम मी घेऊन जाईन म्हटलं होतं, पण काका स्वतःच घेऊन आले. दुपारी खिडकीशी कोणीतरी खाकरलं, मी वर बघितलं, तर जाळीपलीकडे काका. हातात कापडी पिशवी, काच फुटू नये म्हणून फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मला बाहेर जाता येत नव्हतं. ट्रे अर्धा वाचून झाला होता. खालच्या फटीतून फ्रेम येईना. ती बाजूच्या दाराने आत घ्यावी लागली. काका दाराशी थांबले, उंबऱ्याबाहेर. मी फ्रेम घेतली. वर्तमानपत्राच्या घडीतून वाळलेल्या झेंडूच्या दोन पाकळ्या पडल्या.

काकांनी आत नजर फिरवली. कपाटं, ट्यूबलाइट, खिडकीची जाळी. मग हुक. मग हुकांवरची पाटी. त्यांचा चष्मा खिशात असतो, तो त्यांनी काढला, लावला आणि पाटी वाचली. मग माझ्या खिशाकडे बघितलं.

"हा बाहेर जाताना काढायचा असतो वाटतं."

"हो."

"चहाला जाताना पण?"

"हो."

"काढतेस?"

"रोज," मी म्हटलं.

मागून गोवंडीची मुलगी म्हणाली, "चल ना यार, वॉर्डवाला थांबलाय." काकांनी चष्मा काढून पुन्हा खिशात ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "काच सांभाळ." आणि रॅम्पने वर गेले. कठड्याला धरून, हळू. घरी ते काय सांगतील ह्याचा मी चार वाजेपर्यंत विचार करत होते. त्यांनी काहीच सांगितलं नाही. घरात मी अजून वेंधळीच आहे. फक्त काकू दूध उतू गेल्यावरून हसते तेव्हा काका हसत नाहीत, आणि ते मला बाळा म्हणायचे, ते आता नावाने हाक मारतात.

त्याच दुपारी मॅडमनी फ्रेम भिंतीवर लावली. आधीच्या तीन होत्या, त्यांच्या शेजारी खिळा तयार होता. लावण्याआधी त्यांनी डोक्यावरचा चष्मा खाली घेतला आणि एखादी बाटली वाचावी तसं वाचलं: माझं नाव, क्रमांक, मुदत कधीपर्यंत. मग माझ्याकडे वळून थांबल्या.

मी जवळ जाऊन काचेतून बघितलं. नाव, क्रमांक, मुदत. कोपऱ्यात फोटोतली मी, तोंड घट्ट मिटलेली.

"मोठ्याने," मॅडम म्हणाल्या.

मी सगळं परत म्हटलं आणि शेवटी बरोबर म्हटलं. त्यांनी फ्रेम खिळ्यावर चढवली, आणि मी खिडकीशी जाऊन पुढचा ट्रे घेतला.